काळं पडलेलं पातं

कैरी, चिंच, कच्चं केळं चिरून चिरून लोखंडी विळीचं पातं निळसर-काळं होतं. ते काथ्याने घासून लख्ख करायचा मोह आवरावा. हा मळ नव्हे. गंजच आहे, पण शहाण्या जातीचा. तांबडा गंज भुसभुशीत असतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड कुरतडलं जात राहतं. काळा थर दाट असतो, धातूला चिकटून बसतो. पूर्ण संरक्षण तोही देत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. साध्या पात्याला तो आधार नाही.

विळीला हा रंग कामातून येतो. फ्रान्सच्या साव्हुआ भागात 1890 साली सुरू झालेल्या ओपिनेलच्या कार्बन पोलादी चाकूंनाही तसाच येतो. पण धीर सगळ्यांना नसतो, म्हणून व्हिनेगर.

आधी साबणाने तेलकटपणा पार काढायचा. अंगठ्याचा ठसा राहिला तर तेवढाच डाग फिका राहतो, रेषांसकट. कोमट व्हिनेगरमध्ये पातं सोडलं की त्याला बारीक बुडबुडे चिकटतात, आणि थोड्या वेळात चकाकी जाऊन राखाडी छटा चढते. पहिला थर बोटाला काजळीसारखा लागतो. तो बारीक स्टील वूलने पुसून पातं पुन्हा बुडवायचं. टिकाऊ रंग असा थराथराने बसतो. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, पातं खडखडीत कोरडं करायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. शेंगतेल पुढे चिकट होतं, खाण्यायोग्य पॅराफिन तेल बरं.

कडक चहा-कॉफीतलं टॅनिनही लोखंडाला काळं करतं. हिरडा आणि हिराकसाची जुनी शाई याच रसायनावर चालायची. सर्किट बोर्डवाल्यांचं फेरिक क्लोराइड झटपट गडद रंग देतं, पण ते हातमोज्यांशिवाय हाताळू नये.

गॅसवर तापवून पातं निळं करायची युक्ती मात्र माझ्या मते निव्वळ आत्मघात. निळी छटा येते साधारण 300 अंश सेल्सियसला. बऱ्याच पात्यांचं पाणी त्याच्या कितीतरी आधी उतरतं. मग रूप राहतं, धार टिकत नाही.

जुन्या बाजारात असा रंगवलेला चाकू ‘आजोबांच्या काळातला’ म्हणून खपवला जातो. तिथे रंग बघू नये, रुंदी बघावी. वर्षानुवर्षं धार लावलेलं पातं झिजून अरुंद होतं, आणि मुठीलगत, जिथे धारेचा दगड पोचत नाही, तिथे मूळ रुंदीचा खांदा शिल्लक राहतो.