आजाराची नोंद (भाग ६) : ‘तीव्र’ कोण, रुग्ण की एपिसोड?

गेल्या आठवड्यात मधुमेहाचे कोड पाहिले. त्यात मूत्रपिंडावर एकदा परिणाम झाला की तो सहसा पुढच्या नोंदींतही राहतो. बायपोलर आजाराचे गणित वेगळे आहे आणि गोंधळ इथेच होतो. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट वाचणाऱ्या पुण्या-नवी मुंबईतल्या कोडरांपुढे वारंवार एक ओळ येते : ‘बायपोलर, स्टेबल, औषधे चालू.’ डॉक्टरांना रुग्ण माहीत असतो. दोन महिन्यांपूर्वी तो कोणत्या अवस्थेत दाखल झाला होता हेही त्यांना आठवत असते. कोडरच्या हाती मात्र तेवढीच ओळ असते आणि तिच्यावरून एकच कोड देता येतो : एफ ३१.९, म्हणजे तपशील न दिलेला बायपोलर आजार. माझे म्हणणे असे की, या आजारात ‘तीव्र’ हा शिक्का माणसावर कायमचा मारायचा नसतो. तो त्या त्या एपिसोडचा असतो आणि म्हणून प्रत्येक भेटीत नव्याने, कारणासह लिहावा लागतो.

कोडची रचनाच तशी आहे. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडची पद्धत लागू आहे. त्यात एफ ३१ या गटाचा पहिला प्रश्न असतो : सध्या काय चालले आहे? उन्माद तीव्र असेल पण भास-भ्रम नसतील तर एफ ३१.१३, भास-भ्रम असतील तर एफ ३१.२. तीव्र नैराश्यासाठी याच फरकाने एफ ३१.४ आणि एफ ३१.५. दोन्हींची लक्षणे एकत्र असतील तर एफ ३१.६३ किंवा एफ ३१.६४. लक्षणे ओसरली की एफ ३१.७ची मालिका, आणि तिच्यातही शेवटचा एपिसोड उन्मादाचा होता की नैराश्याचा, ओसरणे पूर्ण की अंशतः, हे सांगावे लागते. म्हणजे मार्चमध्ये एफ ३१.२ असलेला रुग्ण ऑगस्टमध्ये एफ ३१.७४ आणि डिसेंबरमध्ये एफ ३१.४ असू शकतो. तिन्ही नोंदी बरोबर असतात. चूक होते ती मार्चचा कोड डिसेंबरच्या कागदावर जसाच्या तसा उतरवला तर.

‘स्टेबल’ या शब्दातून काहीच का निघत नाही, हे दुसऱ्या एका नोंदीशेजारी ठेवले की कळते : ‘नऊ दिवसांपासून रात्री जेमतेम दोन तास झोप, तरी थकवा नाही. बोलणे थांबवता येत नाही. बचत खाते रिकामे करून तीन गाड्यांसाठी आगाऊ रक्कम दिली. शेजारी विष घालणार अशी ठाम समजूत. घरी सांभाळणे अशक्य, म्हणून दाखल. उन्मादाचा तीव्र एपिसोड, भ्रमांसह.’ डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेप्रमाणे उन्मादाला किमान एक आठवडा लागतो, दाखल करावे लागले तर ही मुदत लागू नाही. दिवस, वागणूक, भ्रम आणि दाखल करण्याचे कारण असे सगळेच इथे आहे. शेवटचे वाक्य डॉक्टरांचे निदान आहे, आधीची वाक्ये त्याचा आधार. कोडरला दोन्ही लागतात, पण कोड मिळतो तो निदानावर. लिथियमची मात्रा पाहून किंवा रुग्ण वॉर्डात आहे म्हणून ‘तीव्र’ असेल असे ताडण्याचा अधिकार कोडरला नाही. बाह्यरुग्ण विभागात ‘शक्यता आहे’ असे लिहिलेले निदान कोडही करता येत नाही. आत्महत्येचे विचार असतील तर त्यांना आर ४५.८५१ हा वेगळा कोड आहे. ‘तीव्र नैराश्य’ लिहिले म्हणजे तेही आलेच, असे धरून चालत नाही, आणि ही गोष्ट वगळली जाणे मला सर्वांत गंभीर वाटते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनेत अमेरिकी सरकार विमा कंपन्यांना सभासदांच्या निदानांवरून जोखीम ठरवून रक्कम देते. मग तपशिलाचा आग्रह म्हणजे आजार फुगवून दाखवण्याचे आमंत्रणच नाही का? धोका खरा आहे. खोट्या दाव्यांच्या कायद्याखाली तिथे अशी प्रकरणे झालीही आहेत. पण फुगवलेली नोंद पकडली जाते ती तपशिलावरूनच. ‘तीव्र’ हा शब्द आहे, पण झोप, वागणूक, उपचारातला बदल यांतले काहीच नाही, हे तपासनीसाला दिसते ते कागद बोलका असेल तेव्हाच. वेळेचा आक्षेप मी त्यामानाने हलका मानतो. वरची नोंद सहा छोट्या वाक्यांची आहे. ती आज लिहिली नाही, तर कोडरची शंका काही दिवसांनी डॉक्टरांकडे येते आणि तेव्हा आठवून उत्तर द्यावे लागते.

सर्वांत वजनदार आक्षेप रुग्णाच्या बाजूचा आहे : मानसिक आजाराचा कलंक आधीच जड असताना मोघम कोडच त्याला सांभाळत नाही का? पण एफ ३१.९ मध्येही ‘बायपोलर’ आहेच. झाकले जाते ते एवढेच की तो आता बरा आहे. उन्मादाची लक्षणे पूर्ण ओसरलेल्या माणसाला एफ ३१.७४ न देता एफ ३१.९ देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेबद्दलच्या अमेरिकेच्या हिपा नियमांत स्वतंत्र ठेवलेल्या मानसोपचाराच्या टिपणांना खास संरक्षण आहे. निदान, लक्षणे, औषधे त्यांत मोडत नाहीत. म्हणजे कौटुंबिक भांडणाचा, जुन्या जखमांचा तपशील चार्टमध्ये न आणताही कोडला पुरेसे लिहिता येते. आणि शिक्का कायमचा नसतो, हे सूत्र आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही आहे : केवळ पूर्वी उपचार घेतले किंवा दाखल होते, एवढ्यावरून आजचा आजार ठरवता येत नाही.

आयसीडी-११ मध्ये ही घडी आणखी बदलली आहे. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने लागू केलेल्या या आवृत्तीत उन्मादाला सौम्य-मध्यम-तीव्र अशा पायऱ्याच नाहीत, आणि मध्यम नैराश्यातही भास-भ्रम असू शकतात हे मान्य करून त्याला वेगळा कोड दिला आहे. अमेरिका अजून आयसीडी-१०-सीएमवरच आहे. तरी ‘तीव्र आहे का’ आणि ‘भास-भ्रम आहेत का’ या दोन प्रश्नांची उत्तरे जे डॉक्टर आजच वेगवेगळी लिहितात, त्यांच्या नोंदी दोन्ही पद्धतींत बसतात.