वैमानिकाचं घड्याळ आणि आपला अर्धा तास

जुहूच्या धावपट्टीपासून वसईचा किल्ला सरळ रेषेत साधारण २६ किलोमीटर. छोटं सेस्ना ताशी १०० नॉट, म्हणजे १८५ किलोमीटर वेगानं निघालं, तर वारा नसताना साडेआठ मिनिटांत खाली तटबंदी दिसायला हवी. मिनिटाचा घोळ झाला की तीन किलोमीटरचा फरक. आपण खाडीच्या अलीकडे की पलीकडे, तेच कळेना. जीपीएस रुसलं तर हाच हिशेब कामी येतो. म्हणून पहिली गरज स्टॉपवॉचची, आणि त्याचं बटण न बघता दाबता आलं पाहिजे.

दुसरी गरज यूटीसीची. हवामानाचे अहवाल याच जागतिक वेळेत येतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. गंमत अशी, की इथे भारी किमतीची घड्याळंच अडतात. बऱ्याच ‘जीएमटी’ घड्याळांत चोवीस तासांचा जादा काटा जुळवताना तासातासानं उडी मारतो आणि मिनिटकाटा दोन्ही वेळांना एकच. आपल्याकडे सकाळचे ११ वाजले की यूटीसी ५:३०, पण मिनिटकाटा बारावर! अर्धा तास मनातच वजा करायचा.

कॅसिओच्या एई-१२०० सारख्या साध्या डिजिटल घड्याळाला ही अडचण नाही. जागतिक वेळ, स्टॉपवॉच, दिवा, सगळं काही हजारांत. एचएमटीचं काळ्या तबकडीचं ‘पायलट’ दिसायला झकास, पण त्यात स्टॉपवॉच नाही. ते लग्नाला घालावं.