भिवंडीला माल पाहायला जाताना

परगावचे व्यापारी बंधू आम्हांला नेहमी विचारतात, भिवंडीला जायचे कसे? शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याणबरोबर घेतलेले हे जुने गाव आज यंत्रमागांचे मोठे केंद्र आहे. पण मुंबईची लोकल तेथे थेट जात नाही.

भिवंडी रोड हे स्टेशन आहे खरे, पण ते वसई–दिवा मार्गावर. गाड्या थोड्या, आणि स्टेशन अंजूरफाट्याला, म्हणजे बाजारापासून दूर. वसई-विरारकडून येणाऱ्यांनी वेळ पाहून ही गाडी जरूर धरावी. आम्ही एकदा तिच्या भरवशावर परत निघालो. गाडी चुकली, ठाण्याला पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेले होते आणि ग्रे कापडाचा सौदा हातचा गेला.

म्हणून आम्ही कल्याण पसंत करतो. जलद लोकलने कल्याण, पश्चिमेला उतरून एस.टी. किंवा शेअर रिक्षा. दुर्गाडी पूल, कोनगाव, राजनोली नाका करीत गाव येते. अंतर दहा-बारा किलोमीटरच, पण राजनोलीला वाहने अडकली की हिशेब चुकतो. ठाण्याहून बाळकुम-कशेळी पुलावरून बस येते. नमुन्यांची गाठोडी असतील तर हीच बरी, कारण शेअर रिक्षात ती मांडीवर घ्यावी लागतात.

माल टेम्पोने न्यायचा असेल तर अवजड वाहनांना ठाण्यात कोणत्या वेळी बंदी आहे ते ड्रायव्हरला आधीच विचारावे. आणि जुम्म्याला दुपारी पोहोचू नये. नमाजच्या वेळी सौद्याला कोणी भेटणार नाही.