तोंडासाठी जंतू तोंडातलाच हवा

दात घासणे म्हणजे जंतू मारणे, असे टूथपेस्टच्या जाहिरातींनी आपल्या मनावर इतकी वर्षे बिंबवले आहे, की ‘चांगले जंतू मुद्दाम तोंडात सोडा’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याचे तोंड वाकडे होते. मी हा विषय काढला की आमच्या घरची मंडळी एकेक करून उठतात. वाचकाने पान उलटले तर माझा इलाज नाही, पण दिवाळी अंकात निदान मध्येच कुणी थांबवत नाही.

आधी शास्त्र उरकतो. माणसाच्या तोंडात जीवाणूंच्या सुमारे ७०० जाती सापडल्या आहेत. त्यांतला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स साखरेचे आम्ल करतो. दातावरच्या थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात आणि कीड धरते. हिरड्यांच्या फटीत प्राणवायूशिवाय जगणारे जंतू माजले की हिरड्या सुजतात, रक्त येते. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यास आरोग्याला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव. झाले शास्त्र.

या जंतूंना पहिल्यांदा पाहिले ते डेल्फ्टच्या एका कापडव्यापाऱ्याने. आंतोनी फान लेव्हेनहुक रोज मिठाने दात घासायचा, आपल्या आज्या-पणज्यांसारखाच. तरीही १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला, तर त्यात जीव वळवळताना दिसले. तसे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. नेदरलँड्समध्ये भाचीकडे गेलो तेव्हा इतर पाहुणे ट्यूलिपच्या बागा पाहायला गेले आणि मी डेल्फ्टच्या आउडे केर्क चर्चमध्ये त्याची समाधी पाहायला. भाची अजून त्यावरून चिडवते. पण आपल्याच तोंडातला मळ इतक्या कौतुकाने न्याहाळणाऱ्या माणसाला नमस्कार करावासा वाटला, तो केला.

आता माझ्या आवडत्या गावाकडे वळतो : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे डनीडन. तिथल्या ओटागो विद्यापीठातले जॉन टॅग हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांना लहानपणी घसादुखीनंतर रुमॅटिक ताप आला होता. हा ताप सांधे धरतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवू शकतो. तो पुन्हा उलटू नये म्हणून त्यांना वर्षानुवर्षे पेनिसिलिन घ्यावे लागले. या तापाचे मूळ असते स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जंतूने होणाऱ्या घशाच्या संसर्गात. न्यूझीलंडच्या माओरी मुलांत आणि आपल्या गरीब वस्त्यांतही हा ताप आजवर हटलेला नाही.

टॅग यांना प्रश्न पडला तो वेगळाच. एकाच वर्गात बसणाऱ्या काही मुलांचा घसा सारखा धरतो आणि काहींना काहीच होत नाही, ते का? मुलांच्या तोंडातच कुणी पहारा देत असेल का?

हे तपासायची त्यांची रीत मला फार आवडते. तपासायचा जंतू पोषक थराच्या बशीत मधोमध एका पट्ट्यात वाढवायचा. मग पट्टा खरवडून टाकायचा आणि उरलेसुरले जंतू क्लोरोफॉर्मच्या वाफेने मारायचे. जंतू गेला तरी त्याने सोडलेला स्राव थरात मुरलेला असतो. आता त्या जागेवरून आडव्या रेघांनी ठरावीक नऊ जंतू पेरायचे. जिथे रेघ तुटली, तिथे स्रावाने मारा केला. नऊ रेघांचे तीन गट, प्रत्येक गटात ४, २, १ असे गुण. तुटलेल्या रेघांची बेरीज केली की प्रत्येक जंतूला तीन आकडी क्रमांक मिळतो. नऊच्या नऊ रेघा तुटल्या तर ७७७.

असा ७७७ क्रमांकाचा जंतू सापडला तो स्ट्रेप्टोकॉकस सलायव्हेरियस, के१२ वाणाचा. ही जात परकी नाही. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच ती बाळाच्या तोंडात येते आणि पुढे जन्मभर जिभेच्या पाठीवर राहते. के१२ हा वाण सॅलिव्हॅरिसिन ए२ आणि सॅलिव्हॅरिसिन बी अशी दोन लहान प्रथिने सोडतो आणि ती पायोजेनिससारख्या भाऊबंदांना मारतात. २००० साली डनीडनमध्येच त्याच्या गोळ्या बनवण्यासाठी कंपनी निघाली.

घशासाठी शोधलेला हा वाण मग तोंडाच्या दुर्गंधीवर वापरून पाहिला गेला. दुर्गंधी बहुधा जिभेच्या मागच्या भागातून येते. तिथले जंतू प्रथिने कुजवून गंधकाचे वायू सोडतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत २३ जणांना आधी क्लोरहेक्सिडिनच्या चुळा भरायला दिल्या, मग काहींना के१२ च्या गोळ्या आणि काहींना नुसत्याच गोळ्या. आठवड्याने के१२ घेणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांत हे वायू लक्षणीय घटले, इतरांत ३० टक्क्यांत. चुळा आधी का? वाडा रिकामा केल्याशिवाय नवा भाडेकरू कुठे ठेवणार!

के१२ चा भाऊबंद एम१८. त्याच्याकडे दातांवरचा चिकट थर तोडणारे एक विकर आणि युरियापासून अमोनिया बनवून आम्ल मारणारे दुसरे. कीड असलेल्या १०० मुलांच्या चाचणीत काहींना तो तीन महिने दिला, तेव्हा त्यांच्या दातांवरचा थर इतरांपेक्षा कमी भरला. कीड थांबते का, हे ठरवायला मात्र तीन महिने अपुरे आहेत.

बाकीच्यांचा उल्लेख न करणे अन्याय ठरेल. स्वीडनमध्ये लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीने हिरड्यांची सूज उतरल्याचे आढळले. हेलसिंकीत ५९४ बालकांच्या चाचणीत काहींना पाळणाघरांमध्ये सात महिने लॅक्टोबॅसिलसच्याच एलजीजी वाणाचे दूध दिले. २००१ साली आलेल्या निष्कर्षांत, विशेषतः तीन-चार वर्षांच्या मुलांत, किडीचा धोका कमी दिसला. पण एलजीजी हा मूळचा आतड्यातला पाहुणा, दातांच्या वस्तीत तो फारसा रुजत नाही. शिवाय लॅक्टोबॅसिलस स्वतःच आम्ल करतात आणि खोल किडीत मुबलक सापडतात. म्हणून माझे स्पष्ट मत : तोंडासाठी जंतू तोंडातलाच हवा.

“मग वाटीभर दही खाल्ले तर?” हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो. दही जरूर खा, पोटाला बरे. दातांसाठी मात्र ते घशाखाली उतरेपर्यंतचाच पाहुणचार, आणि श्रीखंडाबद्दल तर बोलायलाच नको. एका औषधाच्या दुकानात मी तोंडाचे प्रोबायोटिक मागितले, तर दुकानदाराने सहानुभूतीने जुलाबावरची पुडी पुढे केली. विकत घ्यायचेच झाले तर वेष्टनावर वाणाचे पूर्ण नाव पाहावे. नुसते ‘प्रोबायोटिक’ लिहिले असेल तर ठेवून द्यावे. गोळी गिळायची नाही. रात्री दात घासून झाल्यावर सावकाश चघळायची. ती बंद केली की बहुतेकांच्या तोंडातून हे वाण काही आठवड्यांत ओसरतात. हृदयाच्या झडपेचा विकार किंवा कमी प्रतिकारशक्ती असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, साखरेला आवर यांची जागा ही गोळी घेत नाही. दुर्गंधी आणि हिरड्यांच्या बाबतीत मला तिच्याकडून खरी आशा आहे. किडीच्या बाबतीत अजून मोठ्या, लांब मुदतीच्या चाचण्या हव्यात. त्या आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांनी कराव्यात. रुग्ण, जीभ आणि फराळ, तिन्हींचा आपल्याकडे तुटवडा नाही.