औषध जिवाणूचं, कवच सोयाबीनचं; आता कवचही जिवाणूकडून?

इंदूर : 2021 च्या मे-जूनमध्ये काळ्या बुरशीचे रुग्ण इथल्या एमवाय रुग्णालयात भरती होत होते आणि नातेवाईक ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. बऱ्हाणपूर-खंडव्याकडच्या मराठी घरांना मोठ्या दवाखान्यासाठी इंदूरच जवळचं. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला, साधं ॲम्फोटेरिसिन स्वस्त आणि 'लायपोसोमल' मात्र कुपीला हजारो रुपये, असं का? औषध तर एकच.

फरक कवचाचा आहे. ॲम्फोटेरिसिन तयार करतो मातीतला स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस नावाचा जिवाणू. हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटून तिथं भोकं पाडतं. अडचण अशी की आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल हे त्याचंच चुलत भावंड. त्यामुळे थोडा मार आपल्यालाही बसतो. हुडहुडी भरते, ताप येतो आणि मुख्य म्हणजे किडनी दुखावते. जून 2021 मध्ये सागर, जबलपूर आणि इंदूरमधून इंजेक्शननंतर रुग्णांना थंडी-ताप आल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या अनेकांना आठवत असतील.

यावर तोडगा म्हणजे लायपोसोम. चरबीच्या काही रेणूंचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपटी पाण्यापासून पळते. पाण्यात टाकले की ते आपोआप फुगे करतात. इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी 1960 च्या दशकात हे दाखवलं. ॲम्फोटेरिसिनचे फुगे 100 नॅनोमीटरहून लहान असतात, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. औषध फुग्याच्या भिंतीत दबा धरून बसतं आणि बुरशी भेटली की सुटतं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर काम केलं.

आता हिशेब बघा. काळ्या बुरशीला लायपोसोमल औषध किलोमागे 5 मिलिग्रॅम लागतं. 60 किलोच्या माणसाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे 50 च्या 6 कुप्या रोज, तेही कित्येक दिवस. साध्याचा डोस याहून खूपच कमी, साधारण किलोमागे 1 मिलिग्रॅम. म्हणून एकाच्या जागी दुसरं त्याच मापात देणं जिवावर बेतू शकतं. कुपीवरचा 'लायपोसोमल' शब्द वाचलाच पाहिजे. 12 जून 2021 ला जीएसटी परिषदेने या औषधावरचा 5 टक्के कर शून्यावर आणला खरा, पण कवचाचा खर्च करात नव्हताच.

ती चरबी बहुधा सोयाबीनच्या लेसिथिनमधून काढतात. इंदूर तर सोयाबीनचंच गाव, राष्ट्रीय संशोधन संस्थाही इथंच. पण तेलाच्या घाण्यावरचं लेसिथिन आणि शिरेत जाणारं लेसिथिन यांत जमीन-अस्मानाचा फरक. शुद्धीकरण महाग पडतं. शिवाय सोयाची चरबी खवट होते, म्हणून तिच्यावर आधी हायड्रोजनची प्रक्रिया करावी लागते.

म्हणून संशोधकांची नजर सूक्ष्मजीवांच्या चरबीकडे वळली आहे. टाकीत वाढवायचे, पावसाची वाट बघायची नाही. मात्र ई-कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं. त्याचा अंशही इंजेक्शनमध्ये राहिला तर पुन्हा तोच थंडी-ताप, प्रसंगी त्याहून वाईट.

आर्किया या जिवाणूंसारख्याच, पण वेगळ्या कुळातल्या जीवांत हे विष नसतं. जून 2020 मध्ये बुलढाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं ना, ते अशाच खारट पाण्यातल्या आर्कियांमुळे; पुण्याच्या आघारकर संस्थेने ते तपासलं होतं. यांच्या चरबीची जोडणी आम्लाला आणि उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे तिचे फुगे पोटातूनही औषध नेतील, अशी आशा आहे. पण काही आर्कियांच्या चरबीने शरीराची प्रतिकारशक्ती चांगलीच खवळते. लशीसाठी ते सोयीचं आहे, रोज शिरेतून द्यायच्या औषधासाठी तितकंसं नाही. लोणारच्या पाण्यातून कुणी औषध बनवलेलं नाही. हे सगळं काम अजून प्रयोगशाळेत आहे.