पंचांगांतलें आकाश

गुढीपाडव्यास नवें पंचांग घरांत आलें म्हणजे वर्षफल वाचण्याचा मान वडीलकीच्या नात्यानें आम्हांकडे असतो. पुढें तें पंचांग खुंटीस लागतें, आणि एकादशी, संकष्टी किंवा मुहूर्त पाहण्यापुरतेंच खालीं उतरतें. गतवर्षीं ज्येष्ठांत मात्र आमची चांगलीच फजिती झाली. मृग लागल्याचें ऐकून धाकट्या नातवानें आम्हांस हातास धरून गच्चीवर नेलें व "आजोबा, मृग दाखवा," असा हट्ट धरिला. अश्विनीपासून रेवतीपर्यंत सत्तावीस नांवें आम्हांस लहानपणापासून मुखोद्गत. शाळेंत कित्येक पिढ्यांकडून आम्हीं तीं पाठ करून घेतलीं. परंतु त्या रात्रीं बोट कोणीकडे दाखवावें हें कळेना. शेवटीं "ढग आहेत" असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. आकाश निरभ्र होतें.

खरें उत्तर मागाहून ध्यानांत आलें. मृग लागणें म्हणजे सूर्यानें मृग नक्षत्रांत प्रवेश करणें. हें जूनच्या 7-8 तारखेस घडतें. सूर्य ज्या नक्षत्रांत असेल तें त्याच्याच तेजांत लोपून जातें. आमच्या आष्टी तालुक्यांतला कोरडवाहू शेतकरी ज्या मृगाकडे डोळे लावून बसतो, तो मृग त्या दिवसांत कोणासच दिसत नाहीं! त्यास पाहावयाचें तर मार्गशीर्षांत दिवेलागणीनंतर पूर्वेस पाहावें, अथवा माघांत रात्रीं नऊच्या सुमारास माथ्याच्या किंचित् दक्षिणेस. एका ओळींतले तीन तारे हा मृगास लागलेला बाण. ती ओळ आग्नेयीकडे वाढविली कीं व्याधाचा तेजस्वी तारा भेटतो.

पंचांग हें मूळचें आकाशाचेंच वार्षिक टिपण होय. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून महिन्यास नांव मिळालें. चित्रेवरून चैत्र, कृत्तिकांवरून कार्तिक, मघांवरून माघ. चंद्र दररोज सुमारें 13 अंश पुढें सरकतो, म्हणजे जवळजवळ एक नक्षत्र. पंचांगांत आजचें चंद्रनक्षत्र पाहावें व चंद्राच्या आजूबाजूस शोध घ्यावा, इतकी ही सोपी वाट आहे. मात्र पौर्णिमेस ती धरूं नये, चांदण्यांत बारीक तारे बुडून जातात. शुक्ल सप्तमी-अष्टमी बरी. ग्रहांच्या राशीही तेथेंच दिलेल्या असतात. न लुकलुकणारा ठळक तारा दिसला कीं राशि ताडून पाहावी.

आमच्या गांवास एक विशेष लाभ आहे. आष्टीचे अक्षांश सुमारें 18 अंश 48 कला. ध्रुव उत्तर क्षितिजापासून तेवढाच उंच, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून थोडासा खालीं. स्वातीची क्रांति उत्तर 19 अंश असल्यामुळें तो तारा बहुतेक बरोबर आमच्या माथ्यावरून जातो. मेच्या अखेरीस रात्रीं दहाच्या सुमारास अंगणांत उताणें पडावें, नाकासमोर नारिंगी स्वाती! सप्तर्षींच्या शेपटीचा बांक पुढें वाढवीत नेला तरीही तोच लागतो, आणि त्यापुढें चित्रा. त्याच मेच्या 15 तारखेच्या आसपास दुपारीं साडेबाराच्या सुमारास सूर्यही माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशींच मावते. जुलैअखेर हा योग पुन्हां येतो खरा, पण तेव्हां पावसाळी ढग आड येतात.

शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853–1898) हेही शिक्षकच. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ 1896 सालचा. सामान्य वाचकांस तारे ओळखतां यावेत म्हणून त्यांनीं 'ज्योतिर्विलास' लिहिला. पुण्यांत 1944 सालीं हौशी लोकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. इतकें असतां आम्हीं आयुष्यभर नांवेंच घोकविलीं, याची खंत वाटते. घाई अशासाठींही, कीं रस्त्यावरचे पांढरे दिवे वर्षागणिक वाढत आहेत. आमच्या उत्तरेच्या गच्चीवरून ध्रुव आतां हाताचा आडोसा करूनच शोधावा लागतो.

गेल्या माघांत नातवास मृग दाखविला. बाण दाखविला, व्याधही दाखविला. पुष्कळ वेळ पाहून झाल्यावर त्यानें विचारिलें, "मग आजोबा, त्या दिवशीं ढग कोठें होते?"