फोन बदलावा की दुरुस्त करावा?

मुलांनो, घरातला फोन हळू चालू लागला की घरात दोन पक्ष पडतात. मुले म्हणतात, "नवा घेऊ या." वडीलधारी माणसे म्हणतात, "चालतोय ना? मग चालू द्या." दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम असतात. पण फोनला नेमके काय झाले आहे, हे फार थोड्या घरांत पाहिले जाते. डॉक्टर आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. फोनच्या बाबतीत आपण औषध आधी ठरवतो आणि नाडी पाहायचीच विसरतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. ती कशी, ते आधी सांगतो.

मी मालेगावात राहतो. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. शेजारचे चाचा अशाच एका कारखान्यात माग चालवतात. त्यांना मजुरी आठवड्याला मिळते. त्यांच्या घरात फोन एकच, तोही २०१५ साली घेतलेला. बँकेचा व्यवहार त्याच फोनवर, नातेवाइकांशी बोलणे त्याच फोनवर, आणि दहावीत शिकणारी त्यांची मुलगी रात्री अभ्यास करी तोही त्याच फोनवर.

एका संध्याकाळी चाचा फोन घेऊन माझ्याकडे आले. बॅटरी तीस टक्के दिसत असतानाच फोन एकाएकी बंद पडत होता. चाचा म्हणाले, "मास्तरसाहेब, मुलगी म्हणते नवा घ्या. बाजारात हप्त्याने मिळतो म्हणे. तुमचं काय मत आहे?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "नवा कशाला? बॅटरी बदलून घ्या."

चाचांनी माझ्या शब्दावर नऊशे रुपये खर्च केले. ती त्यांची जवळजवळ दोन दिवसांची मजुरी होती. फोन दिवसभर चालू लागला. मलाही आपण चांगला सल्ला दिला असे वाटले. पण पंधरा दिवसांनी बँकेच्या ॲपने सूचना दिली, की या जुन्या फोनवर ते यापुढे चालणार नाही. बॅटरी नवी होती, पण ज्या कामासाठी फोन हवा होता ते काम बंद झाले होते.

बॅटरीपूर्वी मी एक गोष्ट तपासायला हवी होती. ती मी तपासली नाही. म्हणून जुन्या फोनविषयी चार प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, ते या पाठात पाहू.

पहिला प्रश्न : फोनची राखण अजून चालू आहे का?

फोनमध्ये दोन भाग असतात. एक डोळ्यांना दिसतो. काच, बॅटरी, कॅमेरा हे सारे त्यात आले. दुसरा भाग म्हणजे फोनला चालवणारी प्रणाली. अँड्रॉइड ही अशीच एक प्रणाली आहे. या प्रणालीत वेळोवेळी उणिवा सापडतात. त्या उणिवांतून चोर आत शिरू शकतो. भिंतीला भोक पडले की गवंडी ते बुजवतो, त्याप्रमाणे कंपनी अपडेट पाठवून या उणिवा दूर करते.

पण कंपनी हे काम कायम करत नाही. काही वर्षांनी ती अपडेट पाठवणे थांबवते. त्यानंतर सापडलेली भोके तशीच राहतात. पुढे ॲप बनवणारेही फार जुन्या प्रणालीकडे लक्ष देणे सोडून देतात. चाचांच्या फोनला हेच झाले होते.

ही वर्षे सर्व फोनांना सारखी मिळत नाहीत. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ या फोनसाठी सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी तेवढीच मुदत दिली. हे दोन्ही महाग फोन आहेत. स्वस्त फोनांना साधारणपणे याहून कमी वर्षे मिळतात.

आपल्या फोनची राखण चालू आहे की नाही, हे पाहणे सोपे आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये जा. तेथे फोनची माहिती दिलेली असते. त्यात शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. तारीख दोन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर काळजी नाही. ती काही वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर पैशांचा व्यवहार करू नये. अशा फोनवर मोठी दुरुस्ती करून घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

दुसरा प्रश्न : बिघाड नेमका कोणता?

राखण चालू असेल, तर बिघाड शोधावा. फोन म्हातारा झाला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा एखादाच भाग थकलेला असतो.

माझाच फोन पाहा. तो मी २०२२ साली घेतला. तोही हळू चालू लागला होता आणि दुपारपर्यंत त्याची बॅटरी संपत असे. चाचांच्या अनुभवाने मी शहाणा झालो होतो. मी आधी तारीख पाहिली. अपडेट येत होते. मग फोनची साठवण पाहिली. ती काठोकाठ भरली होती. लग्नांचे व्हिडिओ आणि रोज सकाळी येणारी फुलांची चित्रे यांनी सारी जागा व्यापली होती. नको ते पुसून टाकताच फोन चपळ झाला. चार्जिंगची वायर सैल बसत होती. फोन बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने त्या जागेतला धाग्यांचा गोळा काढला. मालेगावात खिशातसुद्धा सूतच सापडायचे! राहिली बॅटरी. ती बाराशे रुपयांत बदलून घेतली.

बॅटरी का थकते, हे समजून घेण्यासारखे आहे. फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ही बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली. तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे सूक्ष्म कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात आणि चार्जिंग करताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडे कण मध्येच अडकून पडतात. ते पुन्हा कामाला येत नाहीत. म्हणून बॅटरीत मावणारी वीज हळूहळू कमी होते.

पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर सुमारे ८० टक्के क्षमता उरावी, अशा बेताने अनेक फोनच्या बॅटऱ्या बनवल्या गेल्या आहेत. रोज एक पूर्ण फेरी झाली तर पाचशे दिवस, म्हणजे दीड वर्षाच्या आतच ही वेळ येते. रोज अर्धीच फेरी झाली तर तेच हजार दिवस होतात. उष्णतेने बॅटरी आणखी लवकर थकते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत फोन पत्र्याच्या छपराखाली, खिडकीच्या उन्हात किंवा उशीखाली चार्जिंगला लावू नये. बॅटरी फुगून फोनचे पाठीमागचे झाकण उचलले गेले, तर तो फोन वापरणे ताबडतोब थांबवावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. ती पेट घेऊ शकते.

थकलेली बॅटरी साऱ्या फोनला थकवते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जुन्या बॅटरीचे काही आयफोन एकाएकी बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करतो, असे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. लोक रागावले. कंपनीने माफी मागितली आणि वॉरंटी संपलेल्या फोनची बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलर केला. फोन जुना झाला असे ज्यांना वाटत होते, त्यांतल्या अनेकांचे काम नव्या बॅटरीने भागले.

तिसरा प्रश्न : खर्च किती आणि किती दिवसांसाठी?

'दुरुस्ती', 'हिशेब', 'किंमत', 'खर्च', 'फायदा' हे मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. उर्दूतही ते थोड्याफार फरकाने आहेत. पण एका शब्दापाशी जपून राहा. उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत 'हप्ता' म्हणजे उधारी फेडण्यासाठी ठरावीक मुदतीने द्यायची रक्कम. उर्दूत तिला 'किस्त' म्हणतात. चाचांच्या घरी एक हफ्ता मजुरीचा होता आणि दुसरा हप्ता दुकानदाराच्या पाटीवर लिहिलेला होता.

चाचांना आता नवा फोन घेणे भाग होते. दुकानात "बिनव्याजी हप्ते" अशी मोठी पाटी होती. चाचांच्या मुलीने वही काढली आणि हिशेब मांडला. रोख घेतला तर फोन ९,००० रुपयांना. हप्त्याने घेतला तर रोखीची सूट नाही, म्हणून किंमत १०,००० रुपये. त्यावर कागदपत्रांचे ५०० रुपये वेगळे. म्हणजे पाटीवर व्याज नव्हते, पण वहीत १,५०० रुपये जास्त दिसत होते. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी वस्तू नसते; ते व्याज दुसऱ्या नावाने घेतले जाते.

मुलगी म्हणाली, "अब्बा, मंदीत माग बंद राहिले तर मजुरी थांबते. हप्ता थांबेल का?"

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी दर आठवड्याला सातशे रुपये बाजूला ठेवायला सुरुवात केली. तेरा आठवड्यांत ९,१०० रुपये जमले. तोपर्यंत ते पैशांसाठी बँकेत जाऊन रांगेत उभे राहिले. २०२५ पासून अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन भरावा लागतो. मुलीने तो शाळेतल्या संगणकावर भरला. तेरा आठवडे सोपे नव्हते. पण त्यांच्या डोक्यावर कर्ज चढले नाही.

दुरुस्तीचा हिशेबही असाच मांडावा. माझी बॅटरी बाराशे रुपयांची. ती दोन वर्षे टिकली तर महिन्याला पन्नास रुपये पडतील. बारा हजारांचा नवा फोन चार वर्षे टिकला तरी महिन्याला अडीचशे रुपये पडतात. म्हणून मी माझा जुना फोन ठेवला. चाचांनी आपला बदलला. दोन्ही निर्णय बरोबर आहेत, कारण दोन फोनांचे दुखणे वेगळे होते.

कोणी वापरलेला फोन घेणार असेल, तर त्याने आणखी एक काळजी घ्यावी. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या फोनची नोंद कळते. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तो घेऊ नये.

चौथा प्रश्न : जुना फोन कुठे जाणार?

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा भंगारात जातो. तेथे गरीब कामगार तांबे आणि सोने काढण्यासाठी तारा व पट्ट्या जाळतात किंवा आम्लात बुडवतात. तो धूर त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या छातीत जातो. भारतात १ एप्रिल २०२३ पासून विद्युत कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर या कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. म्हणून जुना फोन भंगारवाल्याला न देता कंपनीच्या संकलन केंद्रात द्यावा. देण्यापूर्वी सिम आणि मेमरी कार्ड काढावे, आपली खाती बंद करावीत आणि सर्व माहिती पुसून टाकावी.

चाचांचा जुना फोन मात्र अजून घरातच आहे. त्यातले सिम काढले आहे. बँकेचे काही त्यात नाही. पहाटे पाळीवर जाण्यासाठी चाचांना तो उठवतो, आणि मुलगी त्यात उतरवून घेतलेला शब्दकोश वापरते.

मी चाचांना नऊशे रुपये परत देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, "मास्तरसाहेब, तुम्ही इतक्या मुलांना शिकवता. या वेळी आपण दोघे शिकलो. ही त्याची फी."

मुलांनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. घरातल्या फोनच्या शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहा आणि ती वहीत लिहून आणा. मग फोन बदलायचा की दुरुस्त करायचा, यावर आपण वर्गात बोलू.

स्वाध्याय

१. बॅटरी बदलूनही चाचांचा फोन उपयोगी का पडला नाही?
२. लेखकाने स्वतःचा फोन दुरुस्त करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासल्या, त्या क्रमाने लिहा.
३. 'हफ्ता' आणि 'हप्ता' या शब्दांचे अर्थ सांगून प्रत्येकाचा एक वाक्यात उपयोग करा.
४. "हप्ता थांबेल का?" असे मुलीने का विचारले?
५. तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूविषयी हेच चार प्रश्न विचारा आणि तुमचा निर्णय आठ-दहा ओळींत लिहा.